पिस्तूल अडलं, तर आधी हात थांबवा

२५ जुलै २०२१. टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या १० मीटर एअर पिस्तूलची पात्रता फेरी चालू होती. साठ शॉट, पंचाहत्तर मिनिटं. भारताच्या मनू भाकरची सुरुवात चांगली झाली आणि मध्येच तिचं पिस्तूल बिघडलं. दुरुस्ती होऊन ती पुन्हा आपल्या जागी उभी राहीपर्यंत पंधरा मिनिटांहून जास्त वेळ गेला. उरलेले ४४ शॉट तिने चाळीस मिनिटांच्या आत मारले, ५७५ गुण घेतले आणि बारावी आली. अंतिम फेरीतली आठवी जागा ५७७ गुणांवर गेली. दोन गुण कमी पडले.

त्यानंतर आपल्याकडे जी चर्चा झाली, तिच्यात ‘एवढं महागडं पिस्तूल बिघडतंच कसं’ हा सूर मोठा होता. रेंजवर रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, कारण पिस्तूल अडणं हा सरावाचाच भाग आहे. मात्र अडल्यावर काय करायचं, याबद्दल रेंजवरच्या नवशिक्यांमध्येही बरेच गैरसमज असतात. त्यातले काही स्कोअरवर बेततात. एक-दोन जिवावर बेतू शकतात, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

‘अडलं? स्लाइड ओढायची आणि पुढची गोळी मारायची’

ही सवय येते चित्रपटांतून आणि पोलीस-लष्कराच्या प्रशिक्षणाच्या व्हिडिओंमधून. मॅगझिनला खालून थाप मारायची, स्लाइड मागे खेचायची, पुन्हा चाप ओढायचा. समोरून कोणी गोळ्या झाडत असेल तर ते बरोबरच आहे, तिथे एका सेकंदाचा उशीर हाच मोठा धोका असतो. पुठ्ठ्याच्या टार्गेटला मात्र कसली घाई नसते. तिथे ही कृती धोकादायक ठरते, आणि त्याचं कारण नीट समजून घ्यायला हवं.

कधी कधी काडतुसात दारू कमी पडलेली असते किंवा अजिबात नसते. चाप ओढला की नेहमीच्या धमाक्याऐवजी फुसका बार होतो. आवाज दबका, धक्का जवळजवळ नाही, टार्गेटवर नवं भोक नाही. अशा वेळी गोळी नळीतून बाहेर न पडता मध्येच अडकून बसलेली असू शकते. एवढ्याशा जोरावर स्लाइड पुरेशी मागे जात नाही, म्हणजे पिस्तूल आपोआप थांबतं. हे थांबणं तुमच्या फायद्याचं असतं. पण ‘अडलं’ म्हणून तुम्ही हाताने स्लाइड ओढली, तर नवं काडतूस चेंबरमध्ये येतं आणि पुढची गोळी पहिलीवर जाऊन आदळते. नळी फुगते, कधी फाटते. .२२ बोअरच्या पिस्तुलात बहुधा नळीला कायमचा फुगवटा येऊन भागतं. मोठ्या काडतुसात हात आणि डोळे यांचाच प्रश्न येतो.

म्हणून आवाज किंवा धक्का जरासा वेगळा वाटला, तरी क्रम ठरलेला आहे. बोट चापावरून बाहेर, पिस्तुलाचं तोंड टार्गेटकडेच, मोकळा हात वर. मग मॅगझिन काढायचं, स्लाइड उघडायची, चेंबर रिकामं आहे हे पाहायचं आणि नळी आरपार मोकळी आहे की नाही हे गज घालून तपासायचं. डोळा लावायचाच असेल तर चेंबरच्या बाजूने, तोंडाच्या बाजूने कधीही नाही.

याच्या जोडीची आणखी एक चूक आहे. माझ्या मते रेंजवरची सगळ्यात धोकादायक चूक हीच. पिस्तूल अडलं की नवशिका ते हातात घेऊन मागे वळतो: ‘सर, हे बघा ना काय झालंय.’ त्याच्या मनात पिस्तूल आता बंद पडलेलं यंत्र असतं. प्रत्यक्षात चेंबरमध्ये काडतूस आहे, घोडा चढलेला असू शकतो आणि नळी शेजारच्या तिघांवरून फिरून प्रशिक्षकाच्या पोटावर येऊन थांबलेली असते. हे मुलांना कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. पिस्तूल जागेवर राहतं, प्रशिक्षक तुमच्याजवळ येतो.

‘नुसतं टिक झालं म्हणजे गोळी खराब’

चाप ओढला, टिक असा आवाज आला, बार झाला नाही. बहुतेक जण लगेच स्लाइड ओढून ते काडतूस बाहेर फेकतात. पण क्वचित ठिणगी उशिरा पेटते आणि बार काही क्षणांनी होतो. असं काडतूस उघड्या स्लाइडमध्ये किंवा पायाशी फुटलं, तर त्याची पितळी पुंगळी चिरफाळते आणि तुकडे उडतात. म्हणून पिस्तूल टार्गेटकडे रोखून किमान अर्धा मिनिट थांबायचं असतं. काही रेंजवर पूर्ण मिनिटाचा नियम आहे.

थांबून झाल्यावर ते काडतूस काढून नीट पाहा. सरावातल्या बिघाडाचं अर्धं निदान या एका काडतुसावर लिहिलेलं असतं, आणि लोक ते न वाचताच टाकून देतात.

.२२ काडतुसाची गंमत अशी की पेट घेणारं मिश्रण तळाच्या मधोमध नसतं. ते काठाच्या आतल्या पोकळीत गोलाकार पसरलेलं असतं. फायरिंग पिन काठावर आपटते, काठ चेंबरच्या कडेवर चेपला जातो आणि मिश्रण पेटतं. हे मिश्रण काठाच्या एखाद्या भागात पोहोचलेलं नसेल आणि पिन नेमकी तिथेच बसली, तर गोळी उडत नाही. मध्यभागी प्रायमर असलेल्या काडतुसांपेक्षा .२२ जास्त वेळा दगा देते, ते यामुळे. पिनची खूण खोल आणि स्वच्छ उमटली असेल तर दोष बहुधा काडतुसाचा.

खूण उथळ असेल तर बोट पिस्तुलाकडे जातं. स्प्रिंग थकलेली असेल, पिनच्या वाटेत काजळी साचली असेल. आणखी एक शक्यता असते, ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. .२२ च्या शिशाच्या गोळीला मेणासारखं वंगण लावलेलं असतं. शे-दोनशे गोळ्यांनंतर ते जळक्या दारूसकट चेंबरच्या भिंतींवर बसतं. मग काडतूस पूर्ण आत जात नाही, केसभर बाहेर राहतं. पिनचा पहिला ठोका त्याला आत ढकलण्यातच खर्च होतो. तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला उडालं, की आपण म्हणतो ‘गोळी जरा कडक होती’. प्रत्यक्षात चेंबर घाण होतं.

जे काडतूस उडालंच नाही ते खिशात नाही, कचऱ्यात नाही. रेंजवर त्यासाठी वेगळा डबा असतो.

‘महाग पिस्तूल अडत नाही’

उलट अनुभव जास्त येतो. स्पर्धेचं .२२ पिस्तूल ठरावीक वेगाच्या काडतुसांसाठी जुळवलेलं असतं, सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर. त्यात स्वस्त आणि कमजोर काडतूस घातलं तर स्लाइड किंवा बोल्ट पुरता मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीत धुराड्यासारखी उभी अडकते. ‘जोरदार’ म्हणून ३७० मीटरच्या पुढची काडतुसं वापरली, तर भाग आपटून आपटून झिजतात. साधं, ढिलं जुळवलेलं पिस्तूल यातलं बरंच काही पचवतं, पण ते पंचवीस मीटरवर दहाच्या वर्तुळात गोळ्या ठेवत नाही.

आखूड पिस्तुलांचंही असंच आहे. स्लाइड लहान आणि हलकी असल्याने ती वेगाने मागे जाते, तिला आवरायला स्प्रिंग कडक लागते आणि मॅगझिनला पुढचं काडतूस वर उचलायला वेळ कमी मिळतो. चुकीला जागा थोडी राहते. ९ मिलिमीटरची अशी पिस्तुलं आपल्याकडे पोलीस आणि सुरक्षा दलांकडे असतात, सामान्य परवान्यावर ती मिळत नाहीत. त्यांच्या सरावात ‘हे पिस्तूलच रद्दी आहे’ ही तक्रार वारंवार ऐकू येते, आणि पुष्कळदा दोष मनगटात सापडतो. स्लाइडला मागे जायचं तर खालच्या सांगाड्याने जागेवर राहायला हवं. मनगट सैल पडलं की सांगाडाही तिच्याबरोबर मागे येतो, स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो आणि पुंगळी अडकते.

दोष पिस्तुलाचा की हाताचा, हे ठरवायला भांडण लागत नाही. तेच पिस्तूल, तीच काडतुसं दुसऱ्या अनुभवी नेमबाजाच्या हातात द्या. त्याच्याकडे अडलं नाही तर उत्तर मिळालं. अडलं तर मॅगझिन बदला, पण फक्त मॅगझिनच. काडतुसांचा डबा, मॅगझिन आणि तेल एकाच दिवशी बदलणाऱ्याला बिघाड गेल्याचा आनंद मिळतो, तो कशामुळे गेला हे कधीच कळत नाही.

मॅगझिनचा संशय सगळ्यांत शेवटी येतो, तो खरं तर आधी यायला हवा. त्याचे वरचे ओठ जरासे वाकले तरी काडतुसाचं नाक उतारावर नीट चढत नाही. शेवटच्या एक-दोन काडतुसांनाच पिस्तूल अडत असेल तर मॅगझिनची स्प्रिंग थकली असण्याची शक्यता मोठी. आणि .२२ भरताना वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या काठापुढे राहायला हवा. मागे राहिला तर दोन्ही एकमेकांत गुंततात. प्रत्येक मॅगझिनवर नंबर टाका, वहीत तारीख, काडतुसांचा लॉट, मॅगझिनचा नंबर आणि कितव्या गोळीला अडलं ते लिहा. महिन्याभराच्या नोंदी समोर ठेवल्या की गुन्हेगार बहुतेक वेळा स्वतःहून पुढे येतो.

‘तेल सोडलं की सुटतं’

थोडं तेल, योग्य जागी. जास्तीचं तेल काजळी आणि धूळ धरून ठेवतं आणि त्याची चिकट लापशी होते. चेंबर आणि पिनची वाट तर कोरडीच हवी. पावसाळ्यात गंज येईल या भीतीने पिस्तूल तेलात न्हाऊ घालणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ठेवताना पातळ थर द्या, पण सरावाआधी तो पुसून काढा. ड्राय फायरचंही इथेच सांगून टाकतो. .२२ मध्ये रिकामा चाप ओढत राहिलात तर पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खाच पाडू शकते, आणि मग काडतूस आत जायला आणि पेटायला कुरकुर करतं. बहुतेक आधुनिक स्पर्धा-पिस्तुलांत यासाठी वेगळी सोय असते, ती वापरा.

‘एअर पिस्तुलात बिघडण्यासारखं काय असतं?’

टोकियोने याचं उत्तर दिलं आहे. या पिस्तुलात दारू नसते, पण साधारण २०० बार दाबाची हवा भरलेला सिलिंडर असतो, झिजणारी रबरी वायसरं असतात, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर बॅटरी आणि सर्किट असतं. छर्रे अचानक खाली पडू लागले तर नेमाला दोष देण्याआधी हवेचा दाब पाहा. सिलिंडरवरची मुदत संपली असेल तर तो वापरायचा नाही. आणि उच्च दाबाच्या हवेच्या भागांना घरातलं मशीनचं तेल लावू नका, दाबाखाली ते पेट घेऊ शकतं.

दुसरं पिस्तूल उचलून का वापरत नाहीत, असंही लोक विचारतात. मूठ हाताला घासून बसवलेली असते, साइट त्या एका पिस्तुलाच्या जुळवलेल्या असतात, चापाचं वजन बोटात मुरलेलं असतं. बदलता येतं, पण त्यालाही वेळ लागतो आणि घड्याळ थांबत नाही. १० मीटरच्या प्रकारात पिस्तूल बिघडल्याबद्दल जादा वेळ मिळत नाही. मनूलाही मिळाला नाही.

‘स्पर्धेत बिघाड झाला की पुन्हा संधी मिळतेच’

२५ मीटरच्या प्रकारांत मिळू शकते. पण त्यासाठी बिघाड नियमात बसावा लागतो, आणि तो बसतो की नाही हे तुमच्या पहिल्या हालचालीवर ठरू शकतं. काडतूस उडालं नाही, पुंगळी बाहेर पडली नाही, गोळी नळीत अडकली, भाग तुटला, हे सगळं ग्राह्य. सेफ्टी काढायला विसरलात, काडतुसं कमी भरली, मॅगझिन नीट बसवलं नाही, आधीच्या शॉटनंतर चाप पुरता पुढे येऊ दिला नाही, हे अग्राह्य, आणि न उडालेल्या गोळ्यांना शून्य. यातली सगळ्यांत जिव्हारी लागणारी तरतूद अशी: बिघाड शंभर टक्के खरा असला, पण अधिकाऱ्याने तपासण्याआधी तुम्ही स्लाइडला किंवा यंत्रणेला हात लावलात, तर तोही अग्राह्य ठरतो. पुरावा तुम्हीच पुसलेला असतो. पिस्तूल टार्गेटकडे रोखून मोकळा हात वर करायचा, एवढंच तुमचं काम. बिघाड ग्राह्य ठरला तर दुरुस्तीसाठी किंवा पिस्तूल बदलण्यासाठी जास्तीत जास्त पंधरा मिनिटं मिळतात.

राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तो २५ मीटरचा प्रकार डोळ्यांपुढे आणा. वेगवान टप्प्यात प्रत्येक शॉटला तीन सेकंद, मध्ये सात सेकंदांची विश्रांती. तीन सेकंदांत टिक ऐकू आल्यावर विचार करायला वेळ नसतो, हात सवयीने हलतो. म्हणून ही सवय सरावात लावून घ्यावी लागते. प्रशिक्षक किंवा सोबती मॅगझिन भरतो आणि पाचांत एखादं दारू नसलेलं, डमी काडतूस गुपचूप घालतो. नेमबाजाला ते कितव्या जागी आहे हे माहीत नसतं. टिक होतं आणि दोन गोष्टी एकदम दिसतात: बार होण्याच्या अपेक्षेने पिस्तुलाचं नाक खाली झुकलं का, आणि मोकळा हात वर गेला की स्लाइडकडे. स्लाइडकडे गेला असेल, तर पुढच्या मॅगझिनमध्ये पुन्हा एक डमी.