वीस फुटी फ्लेक्स आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा लोगो

३१ मे जवळ आला की जामखेडात आम्हा फ्लेक्सवाल्यांना जेवायला उसंत नसते. अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी आमच्याच तालुक्यातलं. २०२५ला तर तीनशेवी जयंती होती. मंडळं, पतसंस्था, सगळ्यांना फ्लेक्स संध्याकाळपर्यंत हवा, आणि लोगो येतो व्हॉट्सअ‍ॅपवर. ‘‘भाऊ, वीस बाय दहा करा, एकदम क्लिअर आला पाहिजे!’’

कसा येईल? आलेली जेपीजी ८०० पिक्सेल रुंद. वीस फूट म्हणजे २४० इंच. फ्लेक्सभर ताणली तर इंचाला जेमतेम तीन पिक्सेल, एकेक ठिपका साडेसात मिलिमीटरचा. पुढाऱ्याचा फोटो लांबून खपून जातो; अक्षरांच्या फाटक्या कडा मात्र रस्त्यावरूनही दिसतात. फाइलमध्येच नाही ते मशीन कुठून छापणार?

वेक्टर फाइल ठिपके साठवतच नाही. रेघ कुठून निघते, कुठे पोचते, मध्ये कशी वळते, आत रंग कोणता, एवढंच ती लिहून ठेवते. मोठं करा, कॉम्प्युटर तीच रेघ नव्या मापाने पुन्हा काढतो. व्हिजिटिंग कार्ड असो की स्वागत कमान, कडा तशीच धारदार. या वळणांचं गणित आलं फ्रान्सच्या मोटार कारखान्यांतून: सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९मध्ये ते बसवलं, नाव झालं रेनोच्या पिएर बेझिए यांचं. गाडीच्या पत्र्याचा बाक आखायला शोधलेली ही रेघ आज आपल्या मराठी फॉन्टच्या अक्षरातही आहे.

काही जण जेपीजी कोरलड्रॉमध्ये टाकून सीडीआर म्हणून सेव्ह करतात आणि ‘ओरिजिनल’ म्हणून पाठवतात. आत ठिपके ते ठिपकेच. ट्रेस करता येतं, पण दोन-तीन रंगांच्या साध्या चिन्हापुरतं. चेहऱ्याचं ट्रेसिंग मी करून देत नाही, माणूस ओळखू येत नाही.

अस्सल वेक्टरलाही एक खोड आहे. आउटलाइनला ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ लावलेलं नसेल, तर चिन्ह दहापट होतं आणि रेघ तेवढीच बारीक राहते. शिवाय फाइल दुसरीकडे छापायला देताना अक्षरं कंट्रोल-क्यू दाबून कर्व्हमध्ये बदला. तिथे तो फॉन्ट नसला तर मराठीचा पार चुथडा होतो. मजकूर सुधारायची प्रत आधी वेगळी ठेवा.

लोगो करून घेताना पैसे देण्याआधी सीडीआर, एसव्हीजी किंवा वेक्टर पीडीएफ मागून घ्या, स्वतःच्या ईमेलवर ठेवा. आणि आम्हाला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फोटो’ नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.