विस्मरणातही उरणारी गाणी

अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली आणि टेक्सास, ओक्लाहोमातल्या तेलविहिरींच्या आसपास स्वस्त दारूचे गुत्ते फोफावले. खिशात पगार घेऊन आलेले कामगार, नाचायला मोकळी ठेवलेली जागा आणि कोपऱ्यात ज्यूकबॉक्स. पाच सेंटचे नाणे टाकले की हवी ती तबकडी वाजायची. या गुत्त्यांना हाँकी-टाँक म्हणत. तिथे वाजणाऱ्या कंट्री संगीतालाही तेच नाव पडले. ग्लासांच्या आणि बुटांच्या आवाजात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून विजेवरची गिटार आली. अर्नेस्ट टबच्या १९४१ च्या 'वॉकिंग द फ्लोअर ओव्हर यू'मध्ये ती आहे. विषय ठरलेले: सोडून गेलेले माणूस, रिकामी बाटली, घरापासून लांब काढलेली रात्र. सगळा दोष बाईवर टाकणाऱ्या एका गाण्याला किटी वेल्सने १९५२ मध्ये गाण्यातूनच उत्तर दिले. ते काहींना इतके झोंबले, की रेडिओवर त्याला मज्जाव झाला. तरीही ते कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले.

ज्यांनी ही गाणी सोळाव्या-सतराव्या वर्षी ऐकली, ते आज नव्वदीच्या आसपास आहेत. याच वयात अल्झायमरचे प्रमाण झपाट्याने वाढते. सकाळी काय खाल्ले हे न आठवणारी, मुलीला बहीण समजणारी वृद्ध व्यक्ती जुने गाणे लागताच ते शब्दांसकट म्हणू लागते, हा अनुभव स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांना नवा नाही. नातेवाइकांना तो चमत्कार वाटतो. तो चमत्कार नाही. त्याची कारणे बऱ्याच अंशी समजली आहेत.

पहिले कारण वयाचे. उतारवयात माणसाला आयुष्यातले प्रसंग सांगायला लावले, तर साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग प्रमाणाबाहेर जास्त येतात. पहिली नोकरी, पहिले प्रेम, घर सोडणे हे सारे याच काळातले. त्या काळात कानावर पडलेले गाणे या प्रसंगांना चिकटून बसते. दुसरे कारण उजळणीचे. हाँकी-टाँक गाण्यात मोजकेच सूर, ठरलेली यमके आणि पुन्हा पुन्हा येणारे धृपद असते. त्यात ज्यूकबॉक्सवर तेच गाणे एका रात्रीत दहादा वाजणार. पाढे पाठ करायची याहून चांगली पद्धत कोणत्याही शाळेला सापडलेली नाही.

तिसरे कारण मेंदूतल्या जागेचे. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर खराब होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पेत्र जनाता यांनी २००९ मध्ये निरोगी तरुणांना त्यांच्या लहानपणची गाणी ऐकवत मेंदूचे स्कॅन केले. गाण्याने स्वतःची आठवण जागी झाली, की कपाळामागचा मधला भाग अधिक सक्रिय होत होता. हा भाग अल्झायमरमध्ये तुलनेने उशिरा झिजतो. लाइपझिग येथील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की ओळखीचे संगीत साठवणाऱ्या काही जागाही या आजारात बऱ्याच काळ शाबूत राहतात. वाद्य वाजवण्याचे कौशल्य तर मेंदूच्या आणखी वेगळ्या यंत्रणेत असते.

या साऱ्याचे ठळक उदाहरण म्हणजे ग्लेन कॅम्पबेल. जन्म १९३६ चा, आर्कान्सातल्या गरीब शेतकरी घरातला. हाँकी-टाँकचा बादशहा हँक विल्यम्स १ जानेवारी १९५३ रोजी मोटारीच्या मागच्या सीटवर मरण पावला, तेव्हा कॅम्पबेल सोळा वर्षांचा होता. (विल्यम्सचे वय फक्त २९. पाठीच्या कण्यात जन्मजात दोष, सततची पाठदुखी, त्यावर दारू आणि वेदनाशामके, आणि शेवटी उपचारांना विकतची पदवी घेतलेला बोगस डॉक्टर. हा प्रकार कोणत्याही देशातल्या डॉक्टरला ओळखीचा वाटेल.) कॅम्पबेल पुढे स्वतः मोठा गायक झाला. १९७३ मध्ये त्याने विल्यम्सच्या गाण्यांचा अल्बम काढला. नाव होते 'आय रिमेंबर हँक विल्यम्स', म्हणजे 'मला हँक विल्यम्स आठवतो'.

२०११ मध्ये आपल्याला अल्झायमर झाल्याचे त्याने जाहीर केले. त्यानंतर त्याने १५१ कार्यक्रमांचा निरोपाचा दौरा केला. सोबत वाजवायला त्याची मुले होती, शब्दांसाठी समोर पडदा होता. तो एखादे गाणे झाल्यावर तेच पुन्हा सुरू करी, पण गिटारवर बोटे पडली की ती सहसा चुकत नसत. दौरा नोव्हेंबर २०१२ मध्ये संपला. पुढच्या ध्वनिमुद्रणात त्याला एकेक ओळ देऊन गाऊन घ्यावे लागले. २०१७ मध्ये तो गेला.

गाणी ऐकवल्याने आजार मागे फिरत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. उपलब्ध चाचण्यांचा २०१८ मध्ये झालेला कॉक्रेन आढावा सांगतो, की संगीतोपचाराने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची उदासी कमी होते. स्मरणशक्तीत मात्र फारसा फरक पडत नाही, चिडचिड आणि आक्रमकपणातही नाही. पण गप्प बसलेले माणूस अर्धा तास गाते, घरच्यांकडे बघून हसते, हे त्या घरासाठी थोडे नसते.

धोकाही आहे. हाँकी-टाँक गाणी मुळात दुःखाची. पॅट्सी क्लाइनचे १९६१ चे 'क्रेझी' एखादीला लग्नाआधीची संध्याकाळ आठवून देईल, तर दुसरीला दारुड्या नवऱ्याचे घर. ज्याने मोठ्या कष्टाने दारू सोडली, त्याला गुत्त्यातले गाणे तहानही लावू शकते. कारण न समजता आठवणीतली भीती तेवढी वर आली, तर रुग्ण बावरतो. डोळ्यांत पाणी आले म्हणून लगेच बंद करू नये. चेहरा आक्रसला, हात झटकू लागले, तर थांबवावे. आवाज बेताचा असावा. दिवसभर मागे वाजत राहिलेल्या गाण्याचा उपयोग होत नाही. उलट गोंगाटाने रुग्ण त्रासतो.

गाणे कोणते, हे 'त्या काळातले गाजलेले' म्हणून घरच्यांनी ठरवायचे नसते. निदान लवकर झाले असेल तर रुग्ण ते स्वतः सांगू शकतो. आवडती वीस-पंचवीस गाणी, आणि प्रत्येकापुढे ते कुठे, कोणाबरोबर ऐकले, हे एका वहीत उतरवून घ्यावे. नको असलेल्या गाण्यांसाठी वहीचे शेवटचे पान ठेवावे.