विश्लेषण : ध्यानात दिसणारा उजेड म्हणजेच जागृती का? उमदी, औंध आणि गोंदवल्याची परंपरा काय सांगते?

२१ जूनला योग दिन असतोच, आता २१ डिसेंबरही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२४ मध्ये ठराव करून तो जागतिक ध्यान दिवस ठरवला. वर्षातला सर्वांत मोठा दिवस आसनांना आणि सर्वांत लहान दिवस ध्यानाला, अशी वाटणी झाली म्हणायची. या दोन तारखांच्या आसपास अ‍ॅप, शिबिरं आणि ऑनलाइन कोर्सच्या जाहिरातींचा पूर येतो. त्यात एक शब्द हमखास असतो, ‘जागृती’. कुणी ती २१ दिवसांत देतो, कुणी एका वीकेंडला.

पण ती झाली हे ओळखायचं कसं? सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या प्रश्नावर बराच विचार झालेला आहे. तो करणाऱ्यांत हिमालयातले योगी कमी आणि देशपांडे, प्राध्यापक, विडीचा दुकानदार, एक संस्थानिक असे लोक जास्त आहेत.

हा प्रश्न कुठून आला?

इंजिनीअरिंग संपवून पत्रकारितेत आले, तेव्हा पहिलं वर्ष रात्रपाळीत गेलं. झोप उडाली म्हणून फोनवर ध्यानाचं अ‍ॅप घेतलं. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे डोळे मिटल्यावर हात खूप मोठे झाल्यासारखे वाटले. मग ते आहेत की नाहीत, हेच कळेना. कपाळात निळसर उजेड. हे सगळं पाचेक मिनिटं चाललं. भीती वाटली आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. इंटरनेटवर शोधलं, तर दहा मिनिटांत ‘कुंडलिनी जागृतीची लक्षणं’ आणि पुढच्या टप्प्याचा अठरा हजारांचा कोर्स समोर आला.

पैसे भरण्याआधी कराड तालुक्यात राहणाऱ्या आजीला फोन केला. ती चाळीसेक वर्षं रोज माळ ओढते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “जेवलीस का? झोपतीस किती?” मग म्हणाली, “दिसतंय आसं. दिसू दे. तू त्याच्या मागं जाऊ नगंस.”

कोर्स राहिला. आजीचं हे उत्तर तिच्या एकटीचं नाही, हे नंतर वाचताना लक्षात आलं.

उमदीचा संबंध काय?

जत तालुक्यातलं उमदी हे सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचं गाव. बोलणं मराठी-कानडी मिसळलेलं, पाऊस बेताचा. इथल्या देशपांडे घराण्यातले भाऊसाहेब महाराज उमदीकर (१८४३-१९१४) यांनी सीमेपलीकडे, आताच्या विजयपूर जिल्ह्यातल्या इंचगिरीत मठ उभारला. तिथून इंचगिरी संप्रदाय वाढला. साधना नामाची. गुरूने दिलेलं नाम घेत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी बसायचं. भाऊसाहेब स्वतः रात्री तासन् तास ध्यान करीत, असं परंपरा सांगते. शिष्य मात्र बहुतेक घरदार, शेती, नोकरी सांभाळणारे होते.

या संप्रदायातला पुढचा वाद फार महत्त्वाचा आहे. भाऊसाहेबांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज विजापुरात एका पेढीवर हिशेबाचं काम करायचे. गुरूंच्या निधनानंतर त्यांनी मांडलं, की दीर्घ ध्यान ही सुरुवातीची पायरी आहे, पुढचं काम विचाराने होतं. जुन्या साधकांना ते पटलं नाही. यालाच ‘पिपीलिका मार्ग’ आणि ‘विहंगम मार्ग’ म्हणतात. झाडावरच्या फळापर्यंत मुंगीही पोचते आणि पक्षीही पोचतो. मुंगी खोडावरून एकेक पाऊल चढते, पक्षी थेट फांदीवर उतरतो. भाऊसाहेबांची वाट मुंगीची, सिद्धरामेश्वरांची पक्ष्याची, असं संप्रदायात मानलं जातं.

आज वीकेंडला जागृती देणारे लोक नकळत पक्ष्याची वाट विकत असतात. सिद्धरामेश्वर तिथे अनेक वर्षांच्या ध्यानानंतर पोचले होते, हा तपशील जाहिरातीत मावत नाही.

त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज (१८९७-१९८१) हे मुंबईचे विडी दुकानदार. १९३३ मध्ये गुरुभेट झाली. गुरूंनी सांगितलं ते इतकंच, की ‘मी आहे’ या जाणिवेवर लक्ष ठेव. १९३६ मध्ये सिद्धरामेश्वर गेले. त्यानंतर निसर्गदत्तांनी धंदा आणि घर सोडून हिमालयाची वाट धरली. मात्र वाटेत एका गुरुबंधूशी बोलणं झालं आणि संसारात राहून अलिप्तपणे काम करणं अधिक मोलाचं, असं त्यांना पटलं. १९३८ मध्ये ते मुंबईला परतले. अनेक दुकानांपैकी एक उरलं होतं, तेच चालवलं. खेतवाडीतल्या माळ्यावर पुढे जगभरचे लोक येऊन बसू लागले. जागृतीसाठी घर सोडून गेलेला माणूस परत येऊन विड्या विकतो, ही या परंपरेतली मला सर्वांत बोलकी वाटणारी घटना आहे.

अनुभव खरा की भास, याची कसोटी आहे का?

आहे, आणि ती मांडणारे प्राध्यापक काही काळ सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकवत होते. गुरुदेव रा. द. रानडे (१८८६-१९५७) हे भाऊसाहेबांचेच शिष्य. पुढे ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्रमुख झाले. १९३३ मध्ये त्यांचा ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ हा ग्रंथ आला.

साधकांना रंग दिसतात, नाद ऐकू येतो, आकार दिसतात, हे रानडे नाकारत नाहीत. संतांच्या लिखाणातले असे अनुभव त्यांनी बारकाईने नोंदवले. पण त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते अनुभवाच्या खरेपणाच्या कसोट्याही मांडतात. तो वेगवेगळ्या देशांतल्या, काळांतल्या साधकांना सारखा येतो का? बुद्धी त्याने धारदार होते की बोथट? भावना खोल होतात का? आणि सर्वांत व्यवहारी कसोटी नीतीची, म्हणजे माणूस वागायला सुधारला का?

इंजिनीअरच्या भाषेत सांगायचं तर सेन्सरचं रीडिंग एकट्याने ग्राह्य धरायचं नाही, ते दुसऱ्या मापाशी ताडून बघायचं. कपाळातला उजेड हे एक रीडिंग. घरातल्या माणसांशी गेल्या सहा महिन्यांत आपण कसे वागलो, हे दुसरं. ते घरच्यांना विचारावं लागतं, हीच खरी अडचण.

मग औंधचं सूर्यनमस्कार कुठे बसतं?

निसर्गदत्तांच्या संवादांचं ‘आय अ‍ॅम दॅट’ हे इंग्रजी पुस्तक १९७३ मध्ये आलं. ते सिद्ध करणारे मॉरिस फ्रीडमन हे वॉर्सात जन्मलेले विद्युत अभियंता. बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याचं काम बघायला ते भारतात आले, गांधीजींकडे ओढले गेले, भारतानंद झाले. हे पुस्तक येण्याच्या तीन दशकांहून अधिक काळ आधी ते सातारा जिल्ह्यातल्या औंधला होते. औंध संस्थानची १९३९ ची राज्यघटना, जिने सत्ता ग्रामपंचायतींकडे दिली, ती आकाराला आणण्यात त्यांचा वाटा होता. आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची खुली वसाहत, जिथे कैदी कुंपणाशिवाय शेती करत, तीही त्यांच्याच कल्पनेतून उभी राहिली. त्यावरूनच पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे.

म्हणजे उमदीहून निघालेली परंपरा मुंबईत ज्याने जगासाठी शब्दबद्ध केली, तो माणूस औंध-आटपाडीच्या मातीत आधीच राबून गेला होता. हा योगायोग कळला तेव्हा मी कामाच्या वेळेत तासभर नकाशाच बघत बसले.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी सूर्यनमस्कार शाळांमध्ये सक्तीचे केले, स्वतः आयुष्यभर घातले, त्यावर पुस्तकं लिहिली. १९३८ मध्ये लंडनहून त्यांचं ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ प्रसिद्ध झालं. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक नमस्काराबरोबर बीजमंत्र आणि सूर्याचं नाव होतं. आज जिममध्ये मंत्र गळाला आणि आकडा राहिला. १०८ घातले, स्टोरी टाकली. व्यायाम म्हणून त्यात वावगं काही नाही. पण पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसरं आणि ध्यान सातवं. योगसूत्रांत आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत. नुसत्या नमस्कारांतून जागृती होते असं कुणी सांगत असेल, तर मधली अंगं कुठे गेली, हे विचारायला हवं.

कुंडलिनी हे थोतांड आहे का?

इतकं सोपं उत्तर नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं सविस्तर वर्णन आहे आणि ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा नाथांची. नाथपंथाच्या खुणा आपल्याकडे बत्तीस शिराळ्याच्या गोरक्षनाथ मंदिरापर्यंत आहेत. पण गीतेच्या त्याच सहाव्या अध्यायात आहार आणि झोप माफक ठेवायलाही सांगितलं आहे. अति खाणाऱ्याला योग जमत नाही, उपाशी राहणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, जागणाऱ्यालाही नाही. आजीचे दोन प्रश्न आठवा. रात्रपाळीत चार तास झोपून पहाटे ध्यानाला बसलेल्या मुलीला तिने नेमकं तेच विचारलं होतं.

ध्यानाने त्रास होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि हे सांगणं जाहिरातदारांना परवडत नाही. २०२० मध्ये ‘अ‍ॅक्टा सायकियाट्रिका स्कँडिनेव्हिका’ या नियतकालिकात ८३ अभ्यासांचा आढावा आला. ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांत काहीतरी अनिष्ट परिणाम आढळला. त्यात चिंता आणि नैराश्य सर्वाधिक. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये बौद्ध पद्धतीने ध्यान करणाऱ्या पाश्चात्त्य साधकांच्या मुलाखतींवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भीती, झोप उडणं, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं असे अनुभव नोंदले आहेत. काहींना तो त्रास थोडा वेळ झाला, काहींना वर्षानुवर्षं.

म्हणून काही गोष्टी रोखठोक. झोप दोन-तीन रात्री पूर्ण उडाली, आवाज ऐकू येऊन ते आज्ञा देऊ लागले, आपण कुणी विशेष आहोत असं ठामपणे वाटू लागलं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर ध्यान थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मनोविकाराची औषधं चालू असतील, तर ती कुणाच्याही सांगण्यावरून, मग तो गुरू का असेना, स्वतःहून बंद करू नका. “त्रास होतोय म्हणजे शुद्धी चालू आहे,” असं सांगून पुढच्या शिबिराची पावती फाडणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं.

रोजच्या धबडग्यात बसायचं तर कसं?

इथे माण तालुक्यातलं गोंदवले बुद्रुक मदतीला येतं. सातारा-पंढरपूर रस्त्यावर, दहिवडीच्या पुढे. ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज यांचा जन्म १८४५ चा, निधन २२ डिसेंबर १९१३. म्हणजे जागतिक ध्यान दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी ती तारीख येते. गोंदवल्यात पुण्यतिथी तिथीने, मार्गशीर्ष वद्य दशमीला होते. त्यांचा सगळा भर प्रपंच न सोडता नाम घेण्यावर आणि अन्नदानावर. दुष्काळात त्यांनी लोकांना आपल्या शेतात माती खणण्या-वाहण्याचं काम देऊन जेवू घातलं, असं चरित्रकार सांगतात. उमदी, गोंदवले, औंध, आटपाडी ही सगळी गावं कमी पावसाच्या पट्ट्यातली आहेत. महिनाभर काम टाकून बसणं जिथे कुणालाच परवडत नव्हतं, तिथे हातात काम आणि तोंडात नाम ही साधना रुजली, असं मला वाटतं.

त्यांचा मंत्र तेरा अक्षरी, ‘श्रीराम जय राम जय जय राम’. समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीत बारा वर्षांत याचा तेरा कोटी जप केला, अशी श्रद्धा आहे. मी गणित मांडलं. दिवसाला सुमारे २९,६६० होतात. एकाला दोन सेकंद धरले, तरी रोज साडेसोळा तास. श्रद्धेचा हिशेब कॅल्क्युलेटरवर करू नये हे मान्य, पण सवय जात नाही.

दुसरा आकडा अधिक कामाचा. हठयोगाचे ग्रंथ दिवसाचे श्वास २१,६०० मोजतात, म्हणजे मिनिटाला १५. आजचं वैद्यकशास्त्र मोठ्या माणसासाठी १२ ते २० सांगतं. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २३ निरोगी व्यक्तींवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. लॅटिन प्रार्थना किंवा योगातला मंत्र लयीत म्हटला, की श्वास आपोआप मिनिटाला सहावर येतो आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर होते, असं दिसलं. या गतीने १०८ मण्यांची एक माळ बरोबर १८ मिनिटांत होते. टायमर लावायची गरज नाही. यातून शरीर शांत होतं इतकंच सिद्ध होतं, जागृतीबद्दल हा प्रयोग काही बोलत नाही.

सुरुवात करणाऱ्याने रोज एक वेळ ठरवावी, बसण्याआधी झोप पुरेशी झाली आहे ना ते पाहावं आणि दिसलेलं-ऐकलेलं कुणाला सांगत फिरू नये. चुकलेला दिवस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नये.

गेल्या दिवाळीत आजीची माळ मी घड्याळ लावून मोजली. साडेसात मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण १४. मध्येच दूधवाल्याने हाक मारली. आजी मण्यावर अंगठा तसाच धरून उठली, दुसऱ्या हाताने दूध घेतलं, पातेलं गॅसवर ठेवलं आणि पाटावर परत येऊन त्याच मण्यापासून पुढे सुरू झाली.