पायी, घरी आणि काल : अनोळखी क्रियाविशेषणाचा अर्थ कसा लावावा?

१९१६ च्या मार्चमध्ये बडोद्याहून मुंबईला परीक्षेसाठी निघालेला एक मराठी तरुण आपल्या सुरत स्टेशनावर उतरला आणि गाडी बदलून काशीला गेला. ते विनोबा भावे. याच विनोबांनी साठी उलटल्यावर एस्पेरांतो शिकायला घेतली. निरनिराळ्या भाषांच्या लोकांना परस्परांशी बोलता यावे म्हणून डॉ. झामेनहोफ यांनी ही भाषा रचली आणि १८८७ साली वॉर्सा येथे प्रसिद्ध केली.

समजा, तिच्यातले ‘पिएदे’ हे क्रियाविशेषण आपल्यापुढे आले. कोश उघडण्याआधी शब्दाचा शेवट पाहा. एस्पेरांतोत नामाच्या शेवटी ‘ओ’ असतो. त्या जागी ‘ए’ आला की क्रियाविशेषण होते. ‘पिएदो’ म्हणजे पाय, म्हणून ‘पिएदे’ म्हणजे पायी. ‘नोक्तो’ रात्र, ‘नोक्ते’ रात्री. ‘हेय्मो’ घर, ‘हेय्मे’ घरी. मराठीची रीतही हीच नाही का? लांब शब्दही असाच सुटतो. ‘मालरापीदे’ घ्या : ‘माल’ उलट अर्थ दाखवते, ‘रापीद’ म्हणजे जलद, शेवटी ‘ए’. अर्थ झाला, सावकाश.

पण ‘हिएराऊ’ कितीही फोडला तरी हाती काही लागत नाही. अशा वेळी क्रियापदाकडे पाहावे. ‘मी वेनिस हिएराऊ’ यात ‘इस’ हा भूतकाळाचा प्रत्यय आहे : मी काल आलो. ‘मी वेनोस मोर्गाऊ’ यात ‘ओस’ भविष्यकाळाचा : मी उद्या येईन. क्रियापदाने दिशा कळते. नेमका दिवस मात्र कोणीतरी सांगावाच लागतो.

सुरतेत वाढणाऱ्या आपल्या मुलांची अडचण इथेच आहे. गुजरातीत ‘गई काले’ म्हणजे काल आणि ‘आवती काले’ म्हणजे उद्या. बोलताना नुसते ‘काले’ म्हटले तरी क्रियापदावरून उमगते. त्या सवयीने नातू आजीला ‘मी काल येईन’ म्हणाला, तर हसू नये. त्याने गुजरातीचा नियम बरोबर पाळला आहे. मराठीतला ‘काल’ मात्र मागेच जातो. ‘पायी’, ‘घरी’ हे शब्द मूल आपले आपण ताडील. ‘काल’, ‘उद्या’, ‘अजून’, ‘उगाच’ हे घरात रोज कानावर पडले तरच येतील. तेव्हा चूक दाखवून थांबू नका. ‘हो रे, उद्या ये’ असे म्हणा. योग्य शब्द त्याच्या कानी पडेल, आणि बोलणेही थांबणार नाही.