सर्दीवरच्या चहातलं जांभळं फूल : इकिनेशिया रानातून न खोदता अंगणात कसं वाढवतात?

घसा खवखवायला लागला की आपल्याकडे आलं, तुळस आणि गवती चहाचा काढा उकळतो. अमेरिकेत अनेक घरांत अशा वेळी इकिनेशियाचा चहा केला जातो. मधोमध काटेरी शंकू आणि त्याच्याभोवती खाली झुकलेल्या गुलाबी-जांभळ्या पाकळ्या, असं हे फूल. शंकूमुळेच त्याला तिकडे 'कोनफ्लॉवर' म्हणतात.

हे फूल मूळचं फक्त उत्तर अमेरिकेतलं. तिथल्या प्रेअरी म्हणजे गवताळ माळरानांवर राहणाऱ्या लकोटा, शायेन, पॉनी अशा आदिवासी जमाती त्याचं मूळ पिढ्यानपिढ्या वापरत आल्या आहेत. मूळ चघळलं की जिभेला मुंग्या येतात आणि ती बधिर होते. त्यामुळे दातदुखी आणि घसादुखीवर त्याचा उपयोग व्हायचा.

मग अडचण कुठे आली?

अडचण मुळाचीच आहे. 1990 च्या दशकात हर्बल औषधांची मागणी वाढली आणि माळरानावरचा इकिनेशिया अँगस्टिफोलिया पोती भरभरून खोदला जाऊ लागला. ही जात सावकाश वाढते. जमिनीत राहिलेल्या तुकड्यातून कधी पुन्हा कोंब फुटतो, पण मूळ पहिल्यासारखं जाड व्हायला वर्षं लागतात. शेवटी 1999 मध्ये माँटाना आणि नॉर्थ डकोटा या राज्यांना अशा खोदाईवर कायद्याने बंधनं आणावी लागली.

रानातून मुळं आणण्यात आणखी एक धोका असतो, तो म्हणजे चुकीचं झाड घरी येण्याचा. बाजारात इकिनेशियाच्या नावाखाली पार्थेनियम इंटिग्रिफोलियम या दुसऱ्याच झाडाची मुळं विकली गेल्याची नोंद आहे. हे झाड म्हणजे आपल्या गाजर गवताचं अमेरिकेतलं भावंड!

घरी कोणती जात लावायची?

इकिनेशिया पर्प्युरिया. ही जात बागेत सहज वाढते आणि तिची पानं-फुलंही औषधात चालतात. म्हणजे मूळ न काढताही काम भागतं. युरोपात ती रुजण्यामागे एक किस्सा सांगितला जातो. 1930 च्या दशकात जर्मनीचे गेरहार्ड माडाउस अँगस्टिफोलियाचं बी आणायला अमेरिकेत गेले, पण घरी येऊन पेरलं तेव्हा निघाली पर्प्युरिया. पुढे जर्मनीत तिच्याच ताज्या, फुलोऱ्यातल्या झाडाच्या रसापासून औषध तयार झालं.

लावायचं कसं?

• भरपूर ऊन आणि पाणी न साचणारी जमीन हवी. पाणी तुंबलं की मुळं कुजतात.
• थंडी मिळाली की बी चांगलं उगवतं. त्यासाठी ते ओलसर वाळूत मिसळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवतात. अँगस्टिफोलियाला याहून जास्त काळ लागू शकतो.
• बी फार खोल पेरू नये, वर मातीचा पातळ थर पुरतो.
• पहिल्या वर्षी बहुतेक पानंच येतात. फुलं साधारण दुसऱ्या वर्षापासून दिसतात.

कधी आणि काय काढायचं?

पानं-फुलं हवी असतील तर झाड फुलोऱ्यात असताना वरचा भाग कापावा आणि खालची पानं तशीच ठेवावीत. झाड पुन्हा वाढतं.

मूळ हवंच असेल तर तीन-चार वर्षं थांबावं लागतं. शरद ऋतूत वरचा भाग वाळला की झाड खणून काढतात, थोडी मुळं घेतात आणि कोंब असलेला गड्डा विभागून पुन्हा लावतात. मुळं धुऊन, चिरून, सावलीत खडखडीत वाळवायची आणि घट्ट झाकणाच्या बरणीत अंधारात ठेवायची.

काही फुलं झाडावरच वाळू द्यावीत. पुढच्या वर्षीचं बी मिळतं आणि गोल्डफिंच पक्ष्यांना खाणंही.

खरंच सर्दी बरी होते का?

इथे अपेक्षा थोड्या कमी ठेवलेल्या बऱ्या. 2014 च्या कॉक्रेन आढाव्यात 24 चाचण्या तपासल्या गेल्या. सर्दी बरी करण्यात इकिनेशियाचा ठोस फायदा सिद्ध झाला नाही. काही उत्पादनांचा किंचित उपयोग असू शकतो, एवढंच हाती लागलं. शिवाय जीभ बधिर करणारे घटक पाण्यात फारसे उतरत नाहीत, त्यामुळे घरचा चहा आणि बाजारातला अल्कोहोलमधला अर्क एकसारखे नसतात.

कोणी जपून राहावं?

इकिनेशिया सूर्यफुलाच्या कुळातला आहे. शेवंती, झेंडू आणि गाजर गवतही त्याच कुळातले. त्यामुळे गाजर गवताने ज्यांना खाज, शिंका किंवा दम्याचा त्रास होतो, त्यांनी हा चहा टाळलेला बरा. ब्रिटनच्या औषध नियामकाने 2012 मध्ये 12 वर्षांखालील मुलांना तो तोंडावाटे देऊ नये असा सल्ला दिला होता. रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित आजार असणारे किंवा ती दाबणारी औषधं घेणारे, तसंच गर्भवती महिला यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

तुमचे कोणी नातेवाईक अमेरिकेत असतील आणि माळावर हे फूल दिसल्याचा फोटो पाठवतील, तर त्यांना एवढंच सांगा : ते झाड तिथेच राहू द्या आणि नर्सरीतून बियांचं पाकीट आणा.