नोकरी गेली, आता मिशिगन सोडायचं का?



मागच्या महिन्यात मंडळाच्या पॉटलकला जेवणं आटोपल्यावर एक तरुण मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला. हातातली पुलावाची ताटली तशीच होती. म्हणाला, "काकू, तुम्ही २००७ मध्ये इथंच होतात ना? माझी इथली नोकरी टिकेल असं दिसत नाही. ऑस्टिनहून विचारणा आहे. जावं का?" बायको युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक, मुलगी दुसरीत, घर घेऊन दोन वर्षं झालेली आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत नंबर कुठेतरी मागे. तिथल्या तिथे काय सांगणार? "बघू रे" म्हणून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर ते काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या इतरांसाठी.

जे त्या वेळी इथं नव्हते त्यांच्यासाठी थोडा इतिहास. २२ जानेवारी २००७ रोजी फायझरनं ॲन आर्बरचं संशोधन केंद्र बंद करत असल्याचं जाहीर केलं. एकट्या ॲन आर्बरमध्ये साधारण २१०० नोकऱ्या. हे केंद्र मूळचं पार्क-डेव्हिसचं. पुढे ते वॉर्नर-लँबर्टकडे आणि २००० मध्ये फायझरकडे गेलं. कोलेस्टेरॉलवरचं लिपिटॉर हे औषध इथल्याच प्रयोगशाळेत १९८५ मध्ये ब्रूस रॉथ यांनी तयार केलं. एके काळी ते जगातलं सर्वात जास्त खपणारं औषध होतं. म्हणजे काम चांगलं चाललं नाही म्हणून गाव बसलं असं म्हणायचीही सोय नव्हती! शहराला सर्वात जास्त मालमत्ता कर भरणारी संस्था हीच होती.

आपल्या मराठी मंडळींपैकी कोणी ना कोणी तिथं होतंच. केमिस्ट, संख्याशास्त्रज्ञ, आयटीवाले. काहींना कंपनीनं कनेटिकटमधल्या ग्रोटनला किंवा मिसुरीत सेंट लुईसला जागा देऊ केल्या. आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात तीन घरांसमोर 'विकणे आहे'च्या पाट्या लागल्या आणि हिमवर्षाव सुरू झाला तरी दोन तशाच उभ्या होत्या. गराज सेलला तर आपलीच माणसं विकणारी आणि आपलीच घेणारी. मी एका मैत्रिणीकडून इडलीपात्र पाच डॉलरला घेतलं आणि नंतर वाटलं, हिच्याकडून पैसे कसले घेतले-दिले आपण!

पण फायझर हा एक तुकडा झाला. बाकी देशाला मंदी २००७ च्या अखेरीस लागली, मिशिगन मात्र २००० पासूनच नोकऱ्या गमावत होतं. डेल्फायनं ऑक्टोबर २००५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, क्रायसलरनं ३० एप्रिल २००९ ला आणि जनरल मोटर्सनं १ जून २००९ ला. त्या वर्षी राज्यातली बेरोजगारी १४ टक्क्यांच्या आसपास गेली, तेव्हा देशाचा कमाल आकडा १० टक्के होता. युनिव्हर्सिटी आणि हॉस्पिटलमुळे ॲन आर्बरला झळ त्या मानानं कमी बसली. तरी डिसेंबर २०१० मध्ये शेजारी विलो रनचा ट्रान्समिशनचा कारखाना बंद झाला आणि २०११ मध्ये बॉर्डर्स हे मूळ इथलंच पुस्तकांचं दुकान देशभरच्या शाखांसकट संपलं.

माणसं गेली किती? २००० ते २०१० या दशकात लोकसंख्या कमी झालेलं मिशिगन हे देशातलं एकमेव राज्य. ९९,३८,४४४ वरून ९८,८३,६४०. फरक ५५ हजारांचा, म्हणजे लहान वाटतो. पण त्यात जन्मलेली मुलं आणि बाहेरून आलेले धरलेले आहेत. निघून गेलेले त्याहून कितीतरी जास्त. डेट्रॉइट शहर याच काळात ९,५१,२७० वरून ७,१३,७७७ वर आलं. सामान हलवणाऱ्या युनायटेड व्हॅन लाइन्सच्या हिशोबात २००६ ते २००९ अशी सलग चार वर्षं बाहेर जाणाऱ्यांचं प्रमाण सर्वात जास्त मिशिगनमध्ये होतं. ट्रक इथून भरून जायचे आणि रिकामे यायचे.

गंमत अशी की हेच विलो रन एके काळी माणसं ओढून घेत होतं. दुसऱ्या महायुद्धात फोर्डनं तिथं बी-२४ विमानं बनवली, एकूण ८६८५. त्या कामासाठी केंटकी-टेनेसीकडून इतकी माणसं आली की इप्सिलांटीला लोक चेष्टेनं 'इप्सिटकी' म्हणू लागले.

आता मूळ प्रश्न. नोकऱ्या गेल्या की माणसं खरंच गाव सोडतात का? ऑलिव्हिए ब्लांशार आणि लॉरेन्स कॅट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांचा अभ्यास मांडला. एखाद्या राज्यातल्या नोकऱ्या बुडाल्या की तिथली बेरोजगारी साधारण सहा-सात वर्षांत पूर्ववत होते, असं त्यांना दिसलं. ऐकायला बरं वाटतं. पण ती पूर्ववत होते ती मुख्यतः नवे कारखाने आल्यामुळे नाही, तर माणसं निघून गेल्यामुळे! आकडा सुधारतो, गेलेली नोकरी परत येत नाही. पुढे डेव्हिड ऑटर आणि सहकाऱ्यांनी चिनी मालामुळे बसलेल्या गावांचा अभ्यास केला, तेव्हा तर लोक अपेक्षेइतके हललेच नव्हते. जे हलतात ते बहुतेक तरुण आणि पदवीधर. चाळीस-पन्नाशीचा कारखान्यातला माणूस तिथंच राहतो, मिळेल ते काम करतो.

का राहतो? आळस म्हणून नाही. पहिलं कारण घर. २००८-०९ मध्ये इथं अनेकांचं मॉर्गेज घराच्या किमतीपेक्षा जास्त झालं होतं. विकायचं तर बँकेला वर पैसे द्यायचे. भाड्यानं द्यावं तर मिशिगनमध्ये राहत्या घराला शाळेच्या करातून जी सूट असते ती जाते, म्हणजे करपात्र किमतीच्या दर हजारी १८ डॉलर जास्त. शिवाय १९९४ च्या 'प्रपोजल ए'मुळे जुन्या घराची करपात्र किंमत दरवर्षी महागाईइतकीच, तेही जास्तीत जास्त ५ टक्के वाढते, पण घर विकलं गेलं की नव्या मालकाला ती ताज्या भावानं लागते. पंधरा-वीस वर्षं एका घरात काढलेल्याला हलणं त्यामुळे आणखी महाग.

दुसरं कारण दोन नोकऱ्या. एकाची गेली तरी दुसऱ्याची आहे, आणि हेल्थ इन्शुरन्स तिच्यावरच चालू आहे. माझ्या नवऱ्याची एका ऑटो सप्लायरकडची नोकरी २००८ मध्ये गेली तेव्हा आमचं हेच झालं. तो चौदा महिने इंडियानात एका खोलीत राहिला, मी आणि मुलं इथं. शुक्रवारी रात्री यायचा, रविवारी दुपारी डबे घेऊन निघायचा. मुलाचं हायस्कूल मोडायचं नव्हतं म्हणून हा खटाटोप. मुलाला नंतर विचारलं तर म्हणाला, "मला चाललं असतं की!" आम्ही त्याला तेव्हा विचारलंच नव्हतं.

आपल्या गिरणगावाशी याची तुलना मला नेहमी सुचते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातले कितीतरी रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे. संप लांबला तेव्हा बरेच जण गावी गेले, कारण गाव शाबूत होतं. घरचे लोक तिथं होते, थोडी शेती होती, इतकी वर्षं मनीऑर्डर तिकडेच जात होती. मुंबईत चाळीतली एक खोली, तीही वाटून घेतलेली. आपलं उलट आहे. आपलं सगळं इथं आहे आणि गावाकडे आई-वडील राहतात तो फ्लॅट. परत जाण्याची वाट आहे, पण सातवीतल्या मुलाला घेऊन ती तितकी सरळ राहत नाही.

आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना तिसरं एक कारण आहे, जे केंटकीच्या माणसाला नव्हतं. व्हिसा.

२००७ मध्ये एच-१बीवर असताना नोकरी गेली तर नियमात एक दिवसाचीही सवलत नव्हती. लोक सेव्हरन्सची वाटाघाटी करताना पैशापेक्षा 'पगारपत्रकावर आणखी महिनाभर ठेवा' अशी विनंती करत. एच-४ वर असलेल्या बायकांना कामाची परवानगी नव्हती. त्याच वर्षी एक विचित्र योग आला. जुलै २००७ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये ग्रीन कार्डाच्या जवळजवळ सगळ्या तारखा अचानक खुल्या झाल्या, २ जुलैला ते मागे घेतलं गेलं आणि १७ जुलैला पुन्हा महिनाभर मुभा मिळाली. त्या गडबडीत ज्यांचा शेवटच्या टप्प्याचा अर्ज, म्हणजे आय-४८५, दाखल झाला त्यांना १८० दिवसांनी त्याच प्रकारच्या कामात कंपनी बदलता येऊ लागली. म्हणजे आपल्यातले काही जण २००८ च्या सुरुवातीला अक्षरशः मोकळे झाले. एका गल्लीतली, एकाच कंपनीतली दोन कुटुंबं. एकाचा अर्ज गेला होता, दुसऱ्याचा लेबर सर्टिफिकेशनलाच अडकला होता. एक नॉर्थ कॅरोलायनाला गेलं, दुसरं पुण्याला. हुशारीत काडीचा फरक नव्हता.

आताचे नियम थोडे बरे आहेत. जानेवारी २०१७ पासून एच-१बीवाल्याला नोकरी संपल्यावर ६० दिवस मिळतात, किंवा आय-९४ ची तारीख येईपर्यंत, जे आधी असेल ते. एवढ्यात नव्या कंपनीचा अर्ज जायला हवा. कंपनी तीच राहिली पण गाव बदललं, म्हणजे ॲन आर्बरहून ऑस्टिन, तरी २०१५ च्या सिमिओ निर्णयानुसार एच-१बीचा सुधारित अर्ज आधी करावा लागतो. 'तीच कंपनी आहे, काय फरक पडतो' असं समजून बरेच जण इथं फसतात. लेबर सर्टिफिकेशनही ठरावीक पदाचं आणि ठरावीक भागातलं असतं, त्यामुळे जागा बदलली की ते सहसा नव्यानं करावं लागतं. आय-१४० मंजूर झालेला असेल तर रांगेतली तारीख मात्र आपल्याकडे राहते. जुन्या कंपनीनं अर्ज मागे घेतला तरीही. भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब असताना या एका तारखेची किंमत घरापेक्षा जास्त आहे.

म्हणून त्या मुलाला माझा पहिला प्रश्न ऑस्टिनच्या पगाराचा नाही. आय-१४० मंजूर आहे का? नसेल आणि एच-१बीची सहा वर्षं संपत आली असतील, तर इथली नोकरी असेपर्यंत तो कागद पदरात पाडून घेणं हे पहिलं काम. असेल तर हात बराच मोकळा आहे. बायको कोणत्या व्हिसावर आहे, तिचा बॉस काय म्हणतो, हे त्यानंतर. (हे सगळं अनुभवातून सांगते आहे. मी वकील नाही. तासाभराची फी भरून वकिलाला कागद दाखवावेतच.)

पैशाच्या दोन-तीन गोष्टीही लक्षात ठेवाव्या. १०० किंवा जास्त कामगारांच्या कंपनीला मोठ्या कपातीआधी साधारणपणे ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते, हा १९८८ चा कायदा आहे. ती नोटीस आली की घड्याळ सुरू झालं असं समजावं. बेरोजगार भत्ता ज्या राज्यात काम केलं त्या राज्याकडे मागायचा, मग आपण टेक्सासला जाऊन नोकरी शोधत असलो तरी. मिशिगनचा भत्ता २००२ पासून आठवड्याला जास्तीत जास्त ३६२ डॉलरवर अडकला होता, तो २०२५ मध्ये ४४६ झाला आणि मुदतही २० आठवड्यांवरून पुन्हा २६ झाली. व्हिसावर असलेल्यांनी मात्र वकिलाला विचारल्याशिवाय हा अर्ज करू नये. सामान हलवण्याचा खर्च पूर्वी आयकरातून वजा करता येत असे. २०१८ पासून बहुतेकांसाठी ती सोय बंद झाली, आणि कंपनीनं दिलेल्या रिलोकेशनच्या पैशावरही कर लागतो. पॅकेजचा आकडा ऐकताना हे आठवावं.

गेलेल्यांचं काय झालं? सगळ्यांचं भलं झालं असं नाही. २००९ मध्ये फायझरनं वायेथ विकत घेतल्यावर सेंट लुईसलाही कपात झाली. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या सँडविचचं केंद्र बंद करायचं ठरलं. एकाच कंपनीमागे दोनदा घर हलवलेली माणसं मला माहीत आहेत. उलट इथं राहिलेल्यांतून काही नवं उभं राहिलं. रॉजर न्यूटन यांनी एस्पेरियन ही कंपनी १९९८ मध्ये काढली होती आणि २००४ मध्ये फायझरनं ती घेतली होती. २००८ मध्ये त्यांनी ती पुन्हा सुरू केली आणि २०२० मध्ये तिच्या कोलेस्टेरॉलच्या औषधाला एफडीएची मंजुरी मिळाली. प्लिमथ रोडवरची १७४ एकर जागा युनिव्हर्सिटीनं २००९ मध्ये १०८ दशलक्ष डॉलरना घेतली, आज तिथं संशोधनाचं संकुल आहे. फक्त युनिव्हर्सिटी मालमत्ता कर भरत नाही, त्यामुळे शहराच्या तिजोरीतलं ते खिंडार तसंच राहिलं. २०२० च्या जनगणनेत मिशिगन एक कोटीच्या वर गेलं. पण इतर राज्यं जास्त वाढल्यामुळे काँग्रेसमधली जागा आणखी एक कमी झाली.

इडलीपात्रवाली मैत्रीण २०१७ मध्ये ग्रँड रॅपिड्सला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं तेव्हा दहा वर्षांनी भेटली. तीन दिवसांसाठी आली आणि एक दिवस गाडी करून आमच्या गल्लीत जाऊन आली. तिच्या जुन्या घराला नवीन मालकानं निळा रंग दिला आहे, ते तिला अजिबात आवडलं नाही.

ऑस्टिनच्या मुला, तू हे वाचत असशील तर पुढच्या पॉटलकला आय-१४० चा कागद घेऊन ये. आणि इतर कोणाला या काळातला आपला अनुभव सांगायचा असेल तर त्यांनीही जरूर या. मी लवकर येऊन मागच्या टेबलाशी बसते.