सोनोग्राफीमुळे पोटातल्या बाळाला त्रास होतो का?

"डॉक्टर, मागच्याच महिन्यात सोनोग्राफी झाली. आता पुन्हा कशाला? बाळाला किरणं लागतील ना?"

कामठा आणि आसपासच्या गावांतून गरोदर बाई तपासणीला येते, तेव्हा हा प्रश्न बहुतेक वेळा तिच्यासोबत आलेल्या सासूबाई किंवा आई विचारतात. प्रश्न काळजीपोटी आलेला असतो आणि त्याचे नीट उत्तर मिळणे हा तुमचा हक्क आहे. "काही होत नाही, करून घ्या" एवढ्यावर कोणाचे समाधान होत नाही. मग एखादे कुटुंब तपासणी पुढे ढकलते आणि जी गोष्ट पाचव्या महिन्यात कळायला हवी होती ती आठव्या महिन्यात कळते. म्हणून हा विषय सविस्तर समजून घेऊ.

भीती कुठून येते?

पहिले कारण म्हणजे एक्स-रे आणि सोनोग्राफी यांची गल्लत. गावात दोन्हींना सरसकट 'पोटाचा फोटो' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी दोन्ही खोल्या शेजारी शेजारी असतात. एक्स-रेच्या खोलीबाहेर 'गरोदर असल्यास आधी सांगा' अशी पाटी असते. ती वाचून शेजारच्या खोलीत जाताना मनात शंका येणारच.

दुसरे कारण म्हणजे सोनोग्राफीआधी भरून घेतला जाणारा फॉर्म. ऑपरेशनच्या आधी सही घेतात, कारण ऑपरेशनमध्ये धोका असतो. मग इथेही सही घेतात म्हणजे धोका असेलच, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हा 'एफ' फॉर्म गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्यासाठी असतो. 'मला बाळाचे लिंग जाणून घ्यायचे नाही' असे तुम्ही त्यात लिहून देता. त्या सहीचा तपासणीच्या धोक्याशी काहीही संबंध नाही.

एक्स-रे आणि सोनोग्राफीत फरक काय?

एक्स-रेमध्ये किरणे असतात. ती शरीरातून आरपार जातात आणि जास्त प्रमाणात लागली तर पेशींमधील जनुकीय रचनेला इजा करू शकतात. एकेकाळी गरोदर बायकांच्या पोटाचे एक्स-रे काढले जात. १९५६ मध्ये इंग्लंडमधील डॉ. अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी अशा एक्स-रेचा आणि मुलांमधील कर्करोगाचा संबंध दाखवून दिला. त्यानंतर ही पद्धत हळूहळू मागे पडली. म्हणजे एक्स-रेबद्दलची तुमची भीती निराधार नाही, फक्त ती सोनोग्राफीला लागू होत नाही.

सोनोग्राफीत किरणे नसतात, आवाज असतो. आपल्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटाच्या सोनोग्राफीत साधारण २० ते ५० लाख कंपनांच्या लहरी वापरतात. डोंगरासमोर हाक मारली की प्रतिध्वनी परत येतो, तशा या लहरी बाळाच्या अंगावर आदळून परत येतात आणि त्यावरून यंत्र पडद्यावर चित्र तयार करते. साध्या सोनोग्राफीत यंत्र फार थोडा वेळ आवाज पाठवते. उरलेला बहुतेक वेळ ते परत येणारा आवाज 'ऐकत' असते.

एक साधी गोष्ट तुम्हीच पाहा. एक्स-रे काढताना कर्मचारी भिंतीआड किंवा खोलीबाहेर जातात. सोनोग्राफी करणारे डॉक्टर तुमच्या शेजारी बसून, हातात यंत्राचा भाग धरून दिवसभर तपासणी करतात. त्या डॉक्टर स्वतः गरोदर असल्या तरी करतात.

मग आवाजाचा काहीच परिणाम होत नाही का?

होतो, आणि तो तुम्हाला माहीत असावा. आवाजाच्या लहरी शरीरात शोषल्या गेल्या की थोडी उष्णता तयार होते. आईला दीर्घकाळ जोराचा ताप आला तर बाळाला त्रास होऊ शकतो, तसा बाळाच्या एकाच भागाचे तापमान बराच वेळ वाढलेले राहणे चांगले नाही. म्हणून सोनोग्राफीच्या पडद्यावर कोपऱ्यात 'टीआय' नावाचा आकडा दिसतो. तो उष्णतेचा अंदाज देतो. १ हा आकडा म्हणजे तापमान फार तर सुमारे १ अंश सेल्सिअस वाढू शकेल असा हिशोब. नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या सोनोग्राफीत हा आकडा कमीच असतो. शिवाय डॉक्टर यंत्राचा भाग एका जागी धरून ठेवत नाहीत, सतत फिरवत असतात.

ज्याला लोक 'रंगीत सोनोग्राफी' म्हणतात त्या डॉपलर तपासणीत रक्तप्रवाह पाहतात. तिच्यात एकाच ठिकाणी जास्त ऊर्जा जाते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत, ठोस कारण नसेल तर, डॉपलर वापरू नये असे जगभरच्या तज्ज्ञ संस्था सांगतात. त्या काळात बाळाचे ठोके मोजण्यासाठी कमी ऊर्जेची वेगळी पद्धत उपलब्ध असते. पुढच्या महिन्यांत मात्र बाळाची वाढ कमी असेल किंवा आईचा रक्तदाब वाढला असेल, तर डॉपलरचा मोठा उपयोग होतो. अशा जोखमीच्या गरोदरपणात नाळेची डॉपलर तपासणी केल्याने बाळांचे मृत्यू कमी होतात असे अभ्यासांतून दिसले आहे.

अभ्यास काय सांगतात?

ग्लासगो येथील डॉ. इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये या तंत्राविषयीचा पहिला महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. तेव्हापासून कितीतरी पिढ्यांची तपासणी झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेला उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सोनोग्राफीमुळे मुलांचे वजन, वाढ, बुद्धी, मानसिक आरोग्य किंवा कर्करोग यांवर वाईट परिणाम झाल्याचे त्यात आढळले नाही. मुलग्यांमध्ये डावखुरेपणाचे प्रमाण किंचित जास्त दिसले, पण डावखुरे असणे हा आजार नाही. सोनोग्राफीमुळे ऑटिझम होतो असेही सिद्ध झालेले नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मुले मोठी होईपर्यंत पाठपुरावा केलेले बरेच अभ्यास जुन्या यंत्रांवरचे आहेत, आणि आजची यंत्रे जास्त ताकदीने चालवता येतात. म्हणून डॉक्टर एक नियम पाळतात: कारण असेल तेव्हाच तपासणी, आणि तीही कमीत कमी ऊर्जेत, गरजेपुरताच वेळ. केवळ हौसेखातर बाळाचा चेहरा पाहण्यासाठी तास-अर्धा तास सोनोग्राफी करू नये ती यासाठीच.

सोनोग्राफी किती वेळा आणि कधी?

किती वेळा याचा एकच ठरलेला आकडा नाही. गरोदरपणात सगळे ठीक असेल तर साधारणपणे पुढील वेळा महत्त्वाच्या असतात.

पहिल्या तीन महिन्यांत: गर्भ गर्भाशयातच आहे ना, एक आहे की जुळी, आणि दिवस नेमके किती भरले, हे कळते. बाळंतपणाची तारीख यावेळी सर्वांत अचूक ठरते. याच काळात ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या मानेमागची जाडी पाहतात.

१८ ते २० आठवडे: बाळाचा मेंदू, मणका, हृदय, मूत्रपिंडे, हातपाय बारकाईने पाहतात. एकच सोनोग्राफी करणे शक्य असेल तर ही चुकवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये प्रत्येक गरोदर स्त्रीची २४ आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी व्हावी अशी शिफारस केली.

शेवटचे तीन महिने: बाळाची वाढ, गर्भजल, वार कुठे आहे आणि बाळाचे डोके खाली आहे का, हे गरजेनुसार पाहतात.

रक्तदाब, मधुमेह, जुळी बाळे, अंगावरून रक्त जाणे किंवा बाळाची वाढ कमी असणे, अशा वेळी जास्त वेळा तपासणी लागते. "पुन्हा का?" असे डॉक्टरांना जरूर विचारा. "यातून काय कळेल आणि त्यावरून पुढे काय बदलेल?" हा सर्वांत चांगला प्रश्न आहे.

वेळ चुकली तर काय होते?

समजा, शेवटची पाळी १५ जूनला आली. १८ आठवडे १९ ऑक्टोबरला आणि २० आठवडे २ नोव्हेंबरला पूर्ण होतात. गोंदिया जिल्ह्यात हेच दिवस दिवाळीचे आणि धानकापणीचे. "एवढी कापणी उरकू दे, मग जाऊ" असे म्हणता म्हणता डिसेंबर उजाडतो आणि सहा महिने होतात.

या उशिराची किंमत मोठी असू शकते. वार गर्भाशयाच्या तोंडावर असल्याचे आधी कळले तर पुढे पुन्हा तपासून, रक्ताची आणि ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयात बाळंतपण ठरवता येते. न कळल्यास रात्री-अपरात्री अचानक रक्तस्राव होऊन धावाधाव होते. बाळाच्या हृदयात दोष असेल तर बाळंतपण नागपूरसारख्या ठिकाणी, नवजात बाळाच्या उपचारांची सोय असलेल्या रुग्णालयात ठरवता येते. बाळात गंभीर व्यंग असेल तर गर्भपाताच्या कायद्याने आखलेल्या मुदतीतही आठवड्यांना महत्त्व असते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांच्या पुढे अशा प्रकरणात वैद्यकीय मंडळाचा निर्णय लागतो. वेळेत कळले तर निर्णय शांतपणे, सल्ला घेऊन करता येतो.

म्हणून पहिल्याच भेटीत १८ आणि २० आठवड्यांच्या तारखा डॉक्टरांकडून किंवा आशाताईंकडून लिहून घ्या आणि घरातल्या कॅलेंडरवर खूण करा.

सोनोग्राफीतून काय कळत नाही?

'सोनोग्राफी नॉर्मल' म्हणजे बाळ शंभर टक्के निरोगी अशी हमी नाही. काही दोष उशिरा दिसतात, काही दिसतच नाहीत. आपल्या भागासाठी एक उदाहरण महत्त्वाचे आहे. गोंदियासह पूर्व विदर्भात सिकल सेलचा आजार आढळतो, आणि तो सोनोग्राफीत दिसत नाही. त्यासाठी आईच्या रक्ताची तपासणी लागते. आई वाहक निघाली तर वडिलांचीही तपासणी लगेच करावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

लिंगाबद्दल विचारू नका

महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा केला. देशाचा कायदा १९९४ चा आहे. लिंग सांगणे जसा गुन्हा आहे तसे ते विचारणेही गुन्हा आहे. गरोदर स्त्रीवर पतीने किंवा नातेवाइकांनी दबाव आणला असेच कायदा गृहीत धरतो. यंत्र बाळाला इजा करत नाही. त्याच्या अशा वापराने मात्र असंख्य मुली जन्मालाच आल्या नाहीत.

जाण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवा

उपाशी जाऊ नका. गावाहून सकाळी उपाशी निघून रांगेत चक्कर येणाऱ्या बायका आम्ही नेहमी पाहतो. पोटाच्या इतर काही सोनोग्राफींना उपाशी यायला सांगतात, गरोदरपणाच्या तपासणीला त्याची गरज नसते. सुरुवातीच्या महिन्यांत लघवी भरलेली ठेवायला सांगितले असेल तर पाणी पिऊन जा. पोटावर लावतात ते जेल साधे असते, पुसून टाकता येते. कधी योनिमार्गातून तपासणी करावी लागते. तीही सुरक्षित आहे, त्यामुळे गर्भपात होत नाही.

आधीचे सगळे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा आणि बाळंतपणासाठी माहेरी जाताना सोबत न्या. जुना रिपोर्ट हाताशी असला की तीच तपासणी विनाकारण पुन्हा करावी लागत नाही.

खर्चाची काळजी असेल तर आशाताईंशी किंवा आरोग्य केंद्रात बोला. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रीच्या आवश्यक तपासण्या, सोनोग्राफीसह, मोफत आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते. पुढील उपचारांसाठी गोंदियाला बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे.

सोनोग्राफीच्या तारखेची वाट पाहू नका

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, पोटात जोराच्या कळा, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. मागच्या आठवड्याचा रिपोर्ट चांगला होता म्हणून घरी थांबू नका. सोनोग्राफी त्या दिवसापुरते सांगते. आज काय होते आहे ते बाळाच्या आईलाच आधी कळते, आणि घरच्यांनी तिचे ऐकायला हवे.